आईचे नैराश्य आणि बाळाच्या मेंदूची वाढ

प्रश्न
माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. बाळंतपणानंतर दुसऱ्या महिन्यापासून मला नैराश्याने घेरले आणि उपचार सुरू व्हायला आणखी चार महिने गेले. दूध पाजणे, लंगोट बदलणे यांत कधी खंड पडला नाही, पण तिच्याकडे पाहून हसणे मात्र जमत नव्हते. ती हुंकार देऊन माझ्या तोंडाकडे टक लावून पाहायची आणि मी गप्प राहिले की मान वळवायची. आता मी सावरते आहे, पण ती वळलेली मान डोळ्यांसमोरून हलत नाही. तिच्या मेंदूच्या वाढीवर याचा कायमचा परिणाम झाला असेल का?

प्रतिसाद १
परिणाम होऊच शकत नाही असे सांगून मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही, पण ‘कायमचा’ हा शब्द मनातून काढून टाका. पहिल्या वर्षात मेंदूतील पेशींचे जोड झपाट्याने तयार होतात आणि त्यांतले कोणते टिकतील हे बऱ्याच अंशी वापरावर ठरते. बाळाच्या हुंकाराला मिळणारे उत्तर हा त्याच वापराचा भाग असतो. १९७०च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना काही मिनिटे निर्विकार चेहऱ्याने बाळासमोर बसवले, तेव्हा बाळांनी आधी हसून, हात पुढे करून त्यांना बोलावून पाहिले आणि मग तोंड फिरवले. तुमची मुलगीही तेच करत होती, म्हणजे स्वतःला सावरत होती. निरोगी मायलेकरांचा सूरही दिवसभरात कितीदा तरी चुकतो. तो पुन्हा जुळणे महत्त्वाचे.

प्रतिसाद २
मेंदूच्या चित्रणाबद्दल, म्हणजे स्कॅनबद्दल, थोडे लिहितो, कारण त्याच्या बातम्या वाचून आया फार घाबरतात. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात, ज्यांच्या आईला त्यांच्या जन्मापासून नैराश्याची लक्षणे होती अशा दहा वर्षांच्या मुलांमध्ये, भीती आणि भावना हाताळणारा अमिग्डाला हा भाग मोठा आढळला; स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये मात्र फरक दिसला नाही. तिथे प्रश्न काही महिन्यांचा नव्हे, वर्षानुवर्षांचा होता, शिवाय मुले मोजकीच होती आणि आकार वाढणे म्हणजे इजा होणे नव्हे. याउलट २००६च्या एका अमेरिकी अभ्यासात, उपचारांनी तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांच्या मानसिक तक्रारीही कमी झाल्या. ती मुले मोठी, सात ते सतरा वर्षांची होती, तरीही फरक पडला. म्हणून तुमचे उपचार हे मुलीचेही उपचार आहेत, असे मी मानतो.

प्रतिसाद ३
मीही यातून गेले आहे, ताई. त्या दिवसांत बाळाशी बोलायचे काम त्याच्या बाबांनी आणि आजीने उचलले. बाळाला हसरा चेहरा मिळावा, तो प्रत्येक वेळी आईचाच हवा असे नाही, हे मला फार उशिरा कळले.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. जरा बरे वाटताच गोळ्या बंद कराव्यात असे मी ठरवत होते. आता डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसे करणार नाही.