हवा कुठे अडकते ते आधी पाहावे
मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) असे दोन्ही सिलिंडर नवे बसवूनही क्लचचे पेडल मऊच राहते, या तक्रारीवर आतापर्यंत पंपिंग, म्हणजे पेडल पुन्हा पुन्हा दाबून आतली हवा काढणे, वाढवण्याचाच सल्ला आला आहे. माझ्या मते त्याने फारसे साधणार नाही. एका दाबात ढकलले जाणारे तेल इतके थोडे असते, की पाइपच्या उंच वळणात अडकलेली हवा खाली निपलपर्यंत (स्लेव्हवरच्या हवा काढायच्या तोटीपर्यंत) पोहोचण्याआधीच पुन्हा वर सरकते. म्हणून स्वच्छ सिरिंजने स्लेव्हच्या निपलमधून तेल सावकाश वर ढकलावे, म्हणजे हवा आपल्या स्वाभाविक दिशेने मास्टरच्या तेलाच्या टाकीत निघून जाईल. मात्र टाकीतले तेल आधी कमी करावे, कारण वर आलेल्या तेलाने टाकी भरून वाहिली, तर सांडलेले हे ब्रेक ऑइल गाडीचा रंग खाते. त्याहीआधी पुशरॉडला (पेडलचा जोर मास्टरच्या पिस्टनला देणाऱ्या दांड्याला) किंचित मोकळीक आहे ना, हे तपासावे. ती नसल्यास पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते आणि मग कोणतीच पद्धत लागू पडत नाही. निपल स्लेव्हच्या वरच्या बाजूलाच हवे. उलटा बसलेला स्लेव्ह वरवर पाहता बरोबरच वाटतो. एवढे करूनही फरक न पडल्यास दुसऱ्या कोणाला पेडल दाबायला सांगून रबरी नळी फुगते का, ते हाताने चाचपून पाहावे.