बाबांचा टाइमशेअर: तिघांच्या नावावर की एकाच्या?

थोरलं_पाखरू:
बाबांनी २००५ साली एका हॉलिडे क्लबची २५ वर्षांची टाइमशेअर मेंबरशिप घेतली होती. म्हणजे वर्षाला सात रात्री क्लबच्या खोलीत राहायचं. बाबा गेल्या वर्षी गेले, मृत्युपत्र नाही. आता क्लबवाले म्हणतात, वारसाच्या नावावर करून घ्या आणि दोन वर्षांची थकलेली देखभाल फी भरा. ही फी सुरुवातीला वर्षाला ६,००० होती, आता १८ टक्के जीएसटी धरून २१,०००.

नाशिकची बहीण आणि धाकटा म्हणतात, तिघांची नावं लावू. मला ते पटत नाही. एकाच्या नावावर करावी, फी त्याने भरावी, जायचं की नाही तेही त्यानेच ठरवावं. मावसभावंडांकडे तीन नावांची गंमत पाहिली आहे. तीन वर्षं कुणी गेलं नाही आणि फी एकमेकांवर ढकलत बसले. तुमचं काय मत?

चहा_बिनसाखरेचा:
एकाच्या म्हणजे कुणाच्या हो? तुमच्याच ना?

थोरलं_पाखरू:
आजवर बुकिंग मीच करत आलोय, त्यामुळे हो, माझ्या नावावर झाली तर सोयीचं पडेल. लपवण्यासारखं काय त्यात?

देवरुखकर:
तिघांचीच लावा. आमच्या गावच्या विहिरीत चार घरांचा चार-चार आणे हिस्सा आहे, सातबाऱ्यावर इतर हक्कांत तशी नोंद आहे. पाण्याच्या पाळ्या आजोबांच्या काळापासून ठरलेल्या, आजवर पाणी अडलेलं नाही. सात रात्रींची पाळी तीन शिकलेल्या माणसांना लावता येत नसेल तर कठीण आहे.

थोरलं_पाखरू:
विहीर तुमची आहे, देवरुखकर. इथे विहीर क्लबची, आमच्याकडे फक्त पोहरा. आणि तुमची पाळी आठवड्याने पुन्हा येते. आमच्याकडे तिघांनाही मे महिनाच हवा, कारण तिघांचीही मुलं शाळेत.

देवरुखकर:
पोहऱ्याचं पटलं. पण मग मे महिना तीन वर्षांतून एकदा घ्या ना प्रत्येकाने! आणि भांडण आमच्याकडेही होतं, मोटर जळली की. तरी सातबाऱ्यावरचं नाव कुणी काढायला लावत नाही.

माहेरची_साडी_नको:
मला हा धागा वाचून राग आलाय. सोयीचं पडेल म्हणूनच माझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. तेव्हा पडकं घर होतं, पुढे रस्ता रुंद झाला. आज टाइमशेअरला बहिणीचं नाव नको, उद्या फ्लॅटला नको.

चहा_बिनसाखरेचा:
ताई, राग समजतो, पण ते घर होतं. हे तर उतरत्या घड्याळासारखं आहे. २०३० ला संपणार, विकायला काढलं तर कुणी हात लावत नाही. यात नाव लागणं म्हणजे हक्क कमी आणि बिल जास्त.

काळा_कोट:
दोन-तीन गोष्टी मिसळताहेत. आपल्याकडच्या बहुतेक मेंबरशिपमध्ये खोलीची मालकी मिळतच नाही, ठरावीक वर्षं वापरायचा हक्क मिळतो. त्यामुळे आधी करारातलं हस्तांतराचं कलम वाचा. संयुक्त नावं चालतात की नाही, तिथेच कळेल. नॉमिनी कुणी असेल तर तो आपोआप मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याबाबत आणि २०२३ मध्ये शेअर्सबाबत हेच सांगितलंय.

थकलेली फी हे वडिलांचं देणं. ते त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून फिटतं, मुलांच्या पगारातून नाही. पण हस्तांतराच्या फॉर्मवर सही केलीत की पुढची फी तुमच्या स्वतःच्या अंगावर. तीन सह्या असतील तर एकाने बुडवली की क्लब उरलेल्या दोघांना धरू शकतो का, तेही करारात बघा. मला विचाराल तर थोरल्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे, पण बाकीच्यांचा हिस्सा पैशात चुकता करून, लेखी.

आणि मुख्य प्रश्न. तुम्ही सगळे ‘तिघं तिघं’ म्हणताय. आई आहेत का? हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा. म्हणजे चार हिस्से.

माहेरची_साडी_नको:
घ्या!

थोरलं_पाखरू:
आई आहे. माझ्याकडेच असते. खरं सांगतो, तिला विचारायचं डोक्यातच आलं नाही.

देवरुखकर:
विचारा आणि इथे येऊन सांगा. पळून जाऊ नका.

थोरलं_पाखरू (दोन दिवसांनी):
विचारलं. म्हणाली, नावं कुणाचीही लावा, पण या वर्षीच्या सात रात्री मला द्या. तिला तिच्या दोन बहिणींना घेऊन महाबळेश्वरला जायचंय. वीस वर्षांत बाबांबरोबर गेली ती प्रत्येक वेळी आम्हा सगळ्यांचा डबा बांधूनच, म्हणे. बहीण आणि धाकटा दोघंही लगेच हो म्हणाले.

चहा_बिनसाखरेचा:
वा. आणि फी कोण भरतंय?

थोरलं_पाखरू:
त्यावर आमच्या ग्रुपवर कालपासून शांतता आहे.