जुने दरोडापट: मोफत संग्रहांवर विसंबावं का?

रात्रपाळी
माझं मत स्पष्ट आहे. जुने दरोडापट पाहायला पैसे मोजायची गरज नाही. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर १९५२चा 'कॅन्सस सिटी कॉन्फिडेन्शियल' पाहा. टोळीतले सगळे मुखवट्यात, त्यामुळे एक जण पकडला गेला तरी बाकीच्यांना ओळखणार कसा? ओळख पटते ती खेळायच्या पत्त्याच्या फाडलेल्या तुकड्यावरून. १९५९चा 'द ग्रेट सेंट लुई बँक रॉबरी' तर १९५३च्या खऱ्या दरोड्यावर बेतलेला आहे. काही पोलीस आणि बँकेतली माणसं स्वतःच्याच भूमिकेत आहेत, आणि सोबत पुढे हॉलीवूडचा तारा झालेला तरुण स्टीव्ह मॅक्वीन! १९६४पूर्वीच्या चित्रपटांचा हक्क (कॉपीराइट) अमेरिकेत २८व्या वर्षी पुन्हा नोंदवावा लागे. हे दोन्ही नोंदवायचे राहिले, म्हणून सगळ्यांचे झाले.

सावलीतला
साफ असहमत. 'कॅन्सस सिटी'चा जीव काळोखात आहे, आणि मोफत प्रतींमध्ये नेमका तोच मरतो. प्रतीची प्रत काढत गेल्यावर सावल्यांचे नुसते काळे डाग उरतात. कोण कुणाकडे बघतंय हेच दिसलं नाही तर दरोडापटात पाहायचं काय? शिवाय तिथे कुणीही काहीही चढवतं आणि 'हक्कमुक्त' असा शिक्का स्वतःच मारतं. 'द अस्फाल्ट जंगल' किंवा 'रिफिफी' तिथे सापडले म्हणून ते मोफत ठरत नाहीत.

रात्रपाळी
शिक्क्याबद्दल मान्य, पण प्रतींबद्दल नाही. एकाच चित्रपटाच्या बऱ्याच प्रती असतात, त्यातली मोठ्या आकाराची फाइल उघडा, खालचे अभिप्राय वाचा. १९०३चा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' तर थेट अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहे. जेमतेम बारा मिनिटांचा, आणि लूट, पाठलाग सगळं त्यात आलं.

पानगळ
शोधताना 'हाइस्ट' (दरोड्यासाठीचा इंग्रजी शब्द) टाकून फार काही हाती लागत नाही. 'रॉबरी', 'नॉयर' (काळोख्या गुन्हेपटांची शैली), 'क्राइम' असे शब्द टाका आणि सोबत साल द्या. दिग्दर्शकाच्या नावाने शोधलं तर आणखी बरं. आणि अमेरिकेत हक्कमुक्त म्हणजे सगळीकडे हक्कमुक्त, असं नसतं.
वादात मी मात्र सावलीतल्याच्या बाजूने. 'रिफिफी'तली चोरी अर्धा तास चालते, संवाद नाही, संगीत नाही. हत्यारांचे बारीक आवाज हेच तिथलं सगळं. खरखरत्या प्रतीत ते ऐकूच येत नाहीत.

रात्रपाळी
'रिफिफी'साठी पैसे मोजीन. 'सेंट लुई'साठी नाही.