झोनचा नकाशा पुरेसा नाही

या चर्चेत वर एकांनी सुचवलंय की डोंगरात उंचावरच्या बागांसाठी स्वयंसेवक तयार करताना हार्डिनेस झोनचा नकाशा आणि वाणांची यादी दिली की भागेल. मला नाही पटत. तो नकाशा हिवाळ्यातल्या सर्वात कडक थंडीची सरासरी सांगतो, म्हणजे बहुवर्षायू झाड तगेल का, एवढंच. पीक वाढायचा हंगाम किती दिवसांचा, हे त्यात नसतं आणि उंचावर खरी गोची तिथेच आहे.

दर १००० मीटरला हवा साधारण ६.५ अंशांनी थंड होते हे खरं. पण एकाच उतारावर वरच्या वाफ्यातला घेवडा टवटवीत आणि तळाचा गारठून काळा पडलेला, असंही होतं. निरभ्र रात्री गार, जड हवा खाली उतरते आणि तळाच्या भिंतीपाशी साचते. म्हणून शिकणाऱ्यांना आधी किमान तापमान नोंदणारे दोन थर्मामीटर द्या, एक वर, एक खाली. व्याख्यानं नंतर.

बियांच्या पाकिटावरचे दिवसही फसवे. टोमॅटोचे बहुधा रोप लावल्यापासून मोजतात, वाटाण्याचे पेरणीपासून. रात्री गार असल्या की दोन्ही लांबतात. वाटाणा ५ अंशांच्या मातीतही रडतखडत उगवतो, घेवड्याला निदान १५ हवेत.

आणि दव गोठण्यापासून वाचवणारं कापड टाकायचा सराव प्रत्यक्ष करून घ्या. बरेच जण ते रोपाच्या बुंध्याशी गाठोड्यासारखं बांधतात. ऊब जमिनीतून येते, तेव्हा कापड जमिनीपर्यंत सोडून कडा मातीने दाबायच्या, तेही ऊन असतानाच.