शब्दचर्चा: ‘दमसास’ वाढतो, पण नेमका कुठे?

प्रश्न
साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट चढतोय. तीन महिन्यांपूर्वी पहिल्या वळणालाच धाप लागायची, आता गप्पा मारत वर जातो. ग्रुपसाठी मराठीत टिपण लिहिताना स्टॅमिनाला ‘दमसास’ म्हटलं, तर डॉक्टर मित्राने तो खोडला: “बदल फुप्फुसात कमी, मांडीत जास्त.” मग शब्द कोणता? आणि ‘मांसपेशी’ लिहू की ‘स्नायू’?

प्रतिसाद
मांसपेशी नको, ‘मांसपेशीतल्या पेशी’ लिहायची वेळ येईल. हिंदी जाहिरातींची कृपा! गंमत म्हणजे सुश्रुतसंहितेत पेशी म्हणजे मांसपेशीच, त्या ५०० मोजल्यात. आणि तिथला स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारा दोर. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. तेव्हा संस्कृतकडे न्याय मागू नका, शाळेच्या पुस्तकातला स्नायू ठेवा.

प्रतिसाद
दमसासात ‘दम’ फारसी, ‘सास’ आपला श्वास. दोन्ही बाजूंनी श्वासच. शब्द गवयाला शोभतो. तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे संशोधक जॉन हॉलोझी यांनी उंदरांना कित्येक आठवडे पट्ट्यावर पळवलं. १९६७ साली त्यांनी दाखवलं, की पायाच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांची, ऑक्सिजन वापरायची क्षमता साधारण दुप्पट झाली होती. (मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका म्हणा, शब्द रुळलाय.) तरी दमसास टाकू नका. घाटात जाणवतं ते त्यात आहे. आत घडतं त्याला मात्र दुसरा शब्द हवा.

प्रतिसाद
‘अनुकूलन’ आहे की.

प्रतिसाद
आहे, पण परीक्षेच्या पेपरातला. मी ‘मुरणे’ सुचवीन. धावताना स्नायूत कॅल्शियम सुटतं, एटीपी हे पेशीचं इंधन खर्च होतं, त्यातून उरणारा एएमपी वाढतो, त्याने एएमपीके हे विकर (एन्झाइम) जागं होतं. पुढे पीजीसी-१ अल्फा नावाचं प्रथिन जनुकांना कामाला लावतं आणि प्रथिनं बनवायचा निरोप नेणारा ‘निरोप्या आरएनए’ वाढतो. हा निरोप टिकत नाही, काही तासांनी चढतो आणि साधारण दिवसाभरात ओसरतो. त्यावरून बनलेली प्रथिनं मात्र मागे उरतात आणि पुढच्या धावण्याची भर त्यांवर पडते. थोडं थोडं, आतल्या आत. लोणच्यासारखं.

प्रतिसाद
दादा, लोणचं मुरलं की मुरलं. पळणं सोडून बघा, काही आठवड्यांत सगळं उतरतं. गेल्या वर्षी पाय मुरगळला होता, दीड महिन्यात जिना चढताना कळलं.
आमच्याकडे ‘अंगी लागणे’ म्हणतात. आजी म्हणायची, “एवढं खातो, पण मेलं अंगी लागत नाही.” बाहेरून आलेलं शरीराचं होणं, एवढाच त्याचा अर्थ. आणि अंगी लागलेलं उतरतंही.

प्रतिसाद
अंगी लागणे झकास. फक्त ‘तंतुकणिकांची उत्पत्ती’ लिहू नका. त्या शून्यातून होत नाहीत. असलेल्याच वाढतात, विभागतात. ‘वाढ’ पुरे.

मूळ प्रश्नकर्ता
ताई, तुमचा शब्द घेतला. वाक्य असं केलंय: “दमसास छातीत जाणवतो, पण धावणं मांडीच्या अंगी लागतं.” डॉक्टरांना पाठवलंय. ‘मांडीच्या अंगी’वर हसतील बहुतेक.