कार्बन कराच्या पैशातून रणगाडे म्हणे!

नेकरकाठचा (धागाकर्ता)

कालपासून सगळ्या ग्रुपांवर एकच फॉरवर्ड फिरतंय. "युरोपची जनता कार्बन कर भरून कंगाल झाली आणि त्याच पैशातून जर्मनी रणगाडे घेतेय. आपल्याकडच्या पर्यावरणवाल्यांनी डोळे उघडावेत." शेवटी कॉलेजच्या ग्रुपवर एका शहाण्याने त्याखाली 'विचार करायला लावणारं' असं लिहिलं, तेव्हा राहवेना.

मी स्टुटगार्टला भाड्याच्या घरात राहतो. घर गॅसवर तापतं, गाडी पेट्रोलची. म्हणजे हा कर मी खिशातून भरतो, ऐकीव माहितीवर बोलत नाही. २०२१ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २५ युरो होता, २०२५ मध्ये ५५ झाला. पेट्रोलच्या लिटरमागे साधारण १५ सेंट. गॅसच्या वार्षिक हिशोबात त्याची वेगळी ओळ येते, आणि २०२३ पासून त्यातला काही भाग घरमालकावर पडतो. घरातून जितकी ऊब गळते, तितका मालकाचा वाटा मोठा. आमच्या मालकाने तो वाटा दाखवलाच नव्हता, कागद पुढे केल्यावर मुकाट्याने कापून दिला. कंगाल वगैरे कुणी झालेलं नाही.

आणि रणगाडे? ते कर्जावर येताहेत. मार्च २०२५ मध्ये, निवडणूक होऊन गेलेली, नवं सभागृह बसायचं होतं, तेवढ्यात जुन्याच बुंडेस्टागने (जर्मन संसदेने) घटनादुरुस्ती उरकली. जीडीपीच्या एक टक्क्यापलीकडचा संरक्षण खर्च आता घटनेने सरकारी कर्जावर घातलेल्या मर्यादेत मोजायचाच नाही. त्याआधी २०२२ चा १०० अब्ज युरोंचा लष्करी निधी, तोही कर्जच. कार्बन कराचा पैसा हवामान निधीत जातो, तिथून हीट पंपांना (गॅसऐवजी विजेवर घर तापवणारी यंत्रं), घरांच्या इन्सुलेशनला.

माझं दुखणं दुसरंच आहे. २०२१ च्या सरकारने लेखी कबूल केलं होतं की या कराच्या बदल्यात लोकांना परतावा द्यायची सोय करू. मग काय, तर नागरिकाचा करक्रमांक आणि बँक खातं जोडायची यंत्रणा नाही. मग निधीत पैसा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये घटना न्यायालयाने त्या निधीचे ६० अब्ज कापले, विषय संपला. माझ्या खात्यात शे-दीडशे युरो टाकायला वर्षानुवर्षं यंत्रणा सापडत नाही आणि तोफांसाठी घटना काही आठवड्यांत बदलते. फॉरवर्ड करायचंच तर हे करा.

भोसरीकर_नटबोल्ट

साहेब, तुमचं सरकार तुम्हाला परतावा देत नाही म्हणून तुम्ही रडताय. आम्ही तर तिथले मतदारही नाही आणि तरी भरतोय!

आमचा फास्टनरचा धंदा. नट-बोल्ट युरोपच्या कार्बन सीमा-कराच्या (बाहेरून येणारा माल बनवताना निघालेल्या धुरावरचा कर) यादीत बसतात, १ जानेवारी २०२६ पासून तो कर खराखुरा लागू. गिऱ्हाइकाने एक्सेल पाठवलं. टनामागे किती कार्बन, कुठल्या भट्टीतलं पोलाद, वीज कुठली. आता आम्ही वायर रॉड घेतो ट्रेडरकडून. कॉइलबरोबर मिलचं सर्टिफिकेट येतं, त्यात हीट नंबर (पोलाद ज्या वितळातून आलं त्याचा क्रमांक), कार्बन, मँगनीज, सल्फर. पण त्यातला कार्बन म्हणजे पोलादातला, धुरातला नव्हे. ट्रेडरला विचारलं तर तो हसला. आकडा दिला नाही तर ते त्यांचा ठोकळ आकडा लावतात, तोही वाढवून. आम्ही फक्त कोल्ड हेडिंग आणि थ्रेड रोलिंग (थंड तारेला डोकं काढणं आणि आटे पाडणं) करतो हो, धूर मिलचा आणि बिल आमच्या दारात.

आणि तुमच्या रणगाड्यांवरून आठवलं. याच नियमात लष्करी कामासाठी नेल्या जाणाऱ्या मालाला सूट आहे. ट्रॅक्टरचा बोल्ट पाप, रणगाड्याचा बोल्ट पुण्य.

नेकरकाठचा

ती सूट सैन्याच्या स्वतःच्या कागदांवर सीमा ओलांडणाऱ्या मालाला आहे. तुमचा बोल्ट उद्या रणगाड्यात बसला तरी सूट मिळणार नाही.

भोसरीकर_नटबोल्ट

म्हणजे पुण्य फक्त सैन्याला. बरं, कळलं.

कोथरूड_ते_कील

धागाकर्त्याचा सूर पटला नाही. तोफांना पैसा आणि माझ्या हीटरला नाही, असं तुम्ही दोघांना भांडायला लावलंय. २०२१ मध्ये जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त रशियाचा होता. स्वस्त म्हणून घेतला. त्या स्वस्ताईचंच बिल आता संरक्षण खात्यावर येतंय. गॅसवरचं एक घर कमी होणं हा संरक्षण खर्चच आहे माझ्या मते, आणि २०२२ चा तो गॅसटंचाईचा हिवाळा इथे काढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागू नये. हापिसात १९ अंश. स्वेटरवर स्वेटर घालून मीटिंगा.

शिवाय मार्च २०२५ च्या त्याच सौद्यात ग्रीन पक्षाने ५०० अब्जांच्या पायाभूत निधीतले १०० अब्ज हवामान निधीकडे वळवून घेतले. ते बरं सोयीस्कर विसरलात.

नेकरकाठचा

विसरलो नाही. त्याच हवामान निधीतून २०२५ मध्ये गॅस ग्राहकांच्या बिलातला साठवणुकीचा अधिभार भरायचं ठरलं, हे तुम्ही विसरलात. हवामान निधीतून गॅस! ग्रीन पक्षाला हार घाला आता.

आकडेमोड

सगळे जर्मनीत का अडकलेत? आपल्याकडचं बघा. कोळशावर २०१० मध्ये टनाला ५० रुपये सेस लागला, 'स्वच्छ ऊर्जा' नावाने. २०१६ पर्यंत ४०० झाला. २०१७-१८ पर्यंत ८६ हजार कोटींच्या वर जमले, स्वच्छ ऊर्जेच्या निधीकडे वळते झाले ३० हजार कोटींच्या आत आणि खर्च १६ हजार कोटींच्या आत. पुढे तो राज्यांना द्यायच्या जीएसटीच्या भरपाईत विरघळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये गेला, कोळशावर थेट १८ टक्के जीएसटी. आपल्याला कार्बन कर माहीत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे पाठ करावं.

आणि संरक्षण म्हणाल तर २०२५-२६ चे ६.८१ लाख कोटी ऐकून छाती फुगते. त्यातले १.६० लाख कोटी निव्वळ पेन्शन! नव्या शस्त्रांसह सगळा भांडवली खर्च १.८० लाख कोटी. चाळिशीत रिटायर व्हायचं, पेन्शन घ्यायचं आणि वर एखाद्या सोसायटीच्या गेटवर दुसरा पगार. हे कुठलं संरक्षण?

माजी_सुभेदार

आकडेमोड साहेब, गेटवर आम्ही हौसेने बसत नाही. जवानाला पस्तिशी-चाळिशीत घरी पाठवतं ते सरकार, कारण त्यांना तरुण पाय पाहिजेत. तुमच्या हापिसात साठीपर्यंत एसी. आम्हाला कुणी विचारलं होतं का, थांबता का म्हणून?

तुमच्या त्या १.६० लाख कोटींत संरक्षण खात्याच्या मुलकी कर्मचाऱ्यांचं पेन्शन पण आहे. ते कधी गेटवर दिसतात का? पण शिव्या आमच्या वाट्याला.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्या भागात घराघरात वर्दी आहे, गावाचं नावच 'मिलिटरी अपशिंगे' पडलेलं आहे. सियाचीनला होतो. तिथे फायबरच्या झोपडीत रॉकेलची बुखारी (शेगडी) दिवसरात्र पेटती ठेवायची, नाही तर माणूस गारठून मरतो. नाकात काजळी, सकाळी थुंकलं की काळं. त्या रॉकेलवर कार्बन कर लावा आता, म्हणजे तुमचा हिशोब पुरा होईल.

तिरकस

धागा स्टुटगार्टहून निघाला, भोसरीत चहा प्यायला, आता सियाचीनला पोचला. रॉकेल माझ्याकडून. 😄

आकडेमोड

सुभेदार साहेब, त्यागाबद्दल आदर आहेच, पण भावना आणि अर्थसंकल्प वेगळे. दरवर्षी फुगणारं पेन्शन म्हणजे उद्याच्या जवानाच्या हातातली जुनी रायफल. म्हणूनच अग्निपथ आणली ना २०२२ मध्ये. चार वर्षं, हातात एकरकमी निधी, पेन्शन नाही. जगात कुठेही गेलात तरी…

माजी_सुभेदार

जगाचं राहू द्या. माझा पुतण्या अग्निवीर आहे. चारातला एक ठेवणार, तिघे घरी. पोरगं मला विचारतं, काका, मी जीव तोडून पळू का शेजारच्याला मागे टाकायला? एका तुकडीतल्या पोरांनी एकमेकांशी स्पर्धा करायची आणि वेळ आली की एकमेकांसाठी मरायचं? एकदा रात्रीच्या पेट्रोलिंगला या माझ्याबरोबर, मग सांगतो तुम्हाला रायफल जुनी की माणूस जुना.

आणि 'आदर आहेच, पण' हे वाक्य सिव्हिलियनच्या तोंडून ऐकायचा कंटाळा आलाय. आदर असेल तर पुढचं 'पण' गिळा.

आकडेमोड

धमक्या नकोत. मी कर भरतो, प्रश्न विचारणार.

माजी_सुभेदार

कर मीही भरतो. पेट्रोल आम्हाला तुमच्यापेक्षा स्वस्त मिळत नाही.

कोथरूड_ते_कील

सुभेदारदादा, इथे सध्या नेमकं उलटं चाललंय. पैसा ओसंडतोय, नाटोत २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्क्यांचं वचन दिलंय (३.५ निव्वळ लष्कराला, उरलेले १.५ पूल-रस्ते-सायबर असलं सगळं), पण माणूस मिळत नाही. नव्या कायद्याने २००८ पासून जन्मलेल्या मुलग्यांना फॉर्म भरणं सक्तीचं केलंय, सैन्यात यायची तयारी आहे का विचारणारा. भरती अजून ऐच्छिक आहे, महिन्याला सुमारे २६०० युरो पगाराचं आमिष आहे. माझा मुलगा त्याच वयाचा, पासपोर्ट जर्मन. वर मी हीट पंपाला संरक्षण खर्च म्हटलं ना, ते म्हणताना बरं वाटत होतं. फॉर्मचा विषय घरात निघाल्यापासून जेवताना कुणी बोलत नाही. आजी पुण्याहून रोज फोन करून विचारते, "भरला नाही ना अजून?"

तेव्हा आकडेमोड, पेन्शन म्हणजे उधळपट्टी हे मला पूर्वी पटलं असतं.

माजी_सुभेदार

ताई, पोराला सांगा, फॉर्म भरल्याने कुणी मरत नाही. आणि आजीला फोनवर माझा नमस्कार सांगा.

आकडेमोड

ठीक. मुलकी कर्मचाऱ्यांचा मुद्दा मान्य, तो आकडा वेगळा काढून बोलायला हवं. बाकी एक शब्दही मागे घेत नाही. मी 'सिव्हिलियन' आहे हा माझा गुन्हाही मान्य, हवं तर त्यावरही सेस लावा.

तिरकस

'स्वच्छ सिव्हिलियन सेस', टनाला ४०० रुपये. वजन कळवा.

भोसरीकर_नटबोल्ट

झालं का सगळ्यांचं? माझं एक्सेल अजून रिकामंच आहे. स्टुटगार्टवाले, तुम्ही गाड्यांच्या धंद्यात दिसता. तिथले सप्लायर हा मिलचा आकडा आणतात कुठून? ट्रेडर बदलायचा की गिऱ्हाईक?

नेकरकाठचा

आधी ट्रेडर. हीट नंबरवरून मिल कळते. मोठ्या मिल्सनी युरोपच्या गिऱ्हाइकांसाठी हे आकडे काढलेले असतात, थेट त्यांच्या निर्यात विभागाला हीट नंबर देऊन लिहा. ट्रेडरचा माल तीन मिल्सचा मिसळलेला असेल तर मात्र कॉइल वेगळे ठेवून लॉटप्रमाणे हिशोब ठेवावा लागेल. आणि मिल ब्लास्ट फर्नेसवाली (कोळसा वापरून खनिजातून लोखंड काढणारी) आहे की भंगार वितळवणारी, हे पहिल्या मेलमध्येच विचारा. तुमच्या बोल्टचा सगळा फरक तिथेच पडतो, रोलिंग मशीनवर नाही.

भोसरीकर_नटबोल्ट

मिसळलेलाच आहे. गोडाऊनमध्ये कॉइलवरचे अर्धे टॅग गळून पडलेत. उद्या पोरांना टॉर्च देऊन आत पाठवतो. बाकी परताव्याचे शे-दीडशे युरो आले की इकडे वळते करा, टॅगांचे पैसे सुटतील.