मदत हवी आहे: जांभळ्या बीचच्या झाडाला जागा कुठली द्यावी?

इंग्लंडमधल्या मंडळींनो, मागच्या बागेत जांभळ्या पानांचा बीच लावायचा आहे. ‘रिव्हर्साय’ या जातीचा रंग फार गडद, पण पूर्ण वाढलं की झाडाचा घेर अवाढव्य, म्हणून उभट वाढणारा ‘डॉविक पर्पल’ ठरवलाय. कलमीच घेणार, बियांच्या रोपांत रंगाचा भरवसा नाही. दाट सावलीत पानं हिरवट पडतात, म्हणून ऊन हवंच. शिवाय मे महिन्यातली कोवळी पानं मावळतीच्या उन्हात आरपार लालबुंद दिसतात, तो नजारा घरातून दिसायलाच हवा! मेमध्ये इथे सूर्य वायव्येकडे मावळतो, म्हणजे जागा घराच्या वायव्येला, बरोबर ना?

अडचण अशी की तिथली चिकणमाती हिवाळाभर पाणी धरते आणि बीचची उथळ मुळं त्यात कुजतात. ३० सेंमी उंचवटा करून लावलं तर पुरेल, की आधी चर खणून पाणी काढावं?